गजभिये मॅडमची कुसळी

भाड्यानं राह्यला येणारे लोक टेम्पोत काय आणतात? पलंग, कूलर, गॅसची टाकी, लेकराची सायकल. गजभिये मॅडम आमच्या भिलाईतल्या कोहक्याच्या घरी वरच्या माळ्यावर राह्यला आल्या तं टेम्पोत पलंग एक होता अन् बाकी सगळ्या कुंड्या. एकाही कुंडीत झाड नाही. नुसत्या रिकाम्या, एकात एक घातलेल्या, दोरीनं बांधलेल्या. त्याच्यावर कांबळ्यांचं एक गाठोडं, अन् गाठोड्याले धरून मॅडम.

आई फाटकात उभी होती. "काय लावशीन व बाई एवढ्या कुंड्यायत?"

"गवत, काकू."

आई हासली. मॅडमही हासल्या. आईले वाटलं पोरगी मजाकी आहे, मॅडमले वाटलं काकूले पटलं. दोघीचं जमलं ते असं.

रूम मिळाली ती मॅडमच्या वडलांमुळं. गजभिये काका अन् आमचे बाबा स्टील प्लांटमधे कोक ओव्हनले सोबत होते. "एकाच भट्टीसमोर शेकलो आमी," असं बाबा म्हणतात, अन् त्याच्यापुढं नातं कोणी विचारत नाही. काका गेल्यावर क्वार्टर सुटलं, मॅडमची आई भावाकडं गोंदियाले गेली, अन् मॅडम आमच्याकडं. चाळिशीच्या आसपास होत्या. लग्न केलं नव्हतं. कॉलेजात बॉटनी शिकवायच्या, पण पक्क्या नाही, अतिथी व्याख्याता. म्हणजे दरसाली कॉलेजनं बोलावलं तं जायचं, नाही बोलावलं तं घरी. "पाहुण्याले लोक चहा विचारतात गोलू," त्या मले म्हणायच्या, "मले हजेरी विचारतात."

बुटक्या होत्या. चालताना मान खाली. आमच्या गल्लीतल्या बायांना वाटे लाजाळू आहे बिचारी. कायची लाजाळू! त्या रस्त्याच्या कडेचं गवत पाहत चालायच्या. कुठं भिंतीच्या फटीत काही उगवलं दिसलं की ब्रेक. मागून येणारा सायकलवाला शिव्या देत वळणार, मॅडम त्याले हात दाखवणार, "थांबा भैया, एक मिनिट, पाहून तं घेऊ द्या." तो थांबायचा नाही. त्या पाहून घ्यायच्या.

"पाहून तं घे" हे त्यांचं ठरलेलं. आई म्हणाली की भाजीत मीठ कमी पडलं असन, तं "पाहून तं घ्या काकू." मी म्हणालो की आज पाणी येत नाही वाटते, तं "वाटते कावून? नळ उघडून पाहून तं घे."

त्यांच्या सगळ्या कुर्त्यांना खिसे होते. पावर हाउसच्या बाजारातल्या टेलरकडून दोन्हीकडं मोठे मोठे खिसे शिवून घ्यायच्या. त्या खिशांत दाणे. कपडे आमच्याच मशीनमधे धुवायच्या, तं माह्या बनियनमधून आठ-आठ दिवस कुसळं निघायची. मी एकदा बोंबललो तं म्हणे, "कोणत्या खिशातलं आहे रे? डाव्या का उजव्या?" मले काय माहीत! त्यांनी बनियन मागून घेतली, चिमट्यानं कुसळं काढली, अन् बनियन परत देऊन माफी मागितली. माफी मले का कुसळाले, ते कळलं नाही.

मले नकला येतात. कोहक्याच्या गणपतीत दरसाली माह्या नकलांचा कार्यक्रम असतो. ऑटोवाला, नगरसेवक, कूलर दुरुस्त करणारा, सगळ्यांचा आवाज काढतो. त्या साली मी मॅडम केल्या. चष्मा डोक्यावर चढवायचा, मग सगळीकडं चष्मा शोधायचा, अन् बारीक आवाजात म्हणायचं, "पाहून तं घे!" मंडप लोटपोट. अन् पाहतो तं मॅडम स्वतः पहिल्या रांगेत! मले घाम. कार्यक्रम संपल्यावर आल्या, गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "गोलू, आवाज बरोबर आहे. पण चष्मा मी डाव्या हातानं वर करते. उजव्या हातात दाणे असतात."

आता त्या गवताचं सांगतो, नाही तं तुमाले वाटन बाई येडी होती.

इथून लांब, सरगुजा जिल्ह्यात मैनपाट म्हणून उंच पठार आहे. घाट चढून जावं लागते. खाली उन्हानं जीव जाते अन् वर हिवाळ्यात सकाळी गवतावर पांढरा पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडलेला असते. मॅडमचं एक गवत होतं, कुसळी. दाण्याले लांब केसासारखं कुसळ असते, कपड्यात घुसते, आपल्याले टोचते, तेच. हे गवत पायथ्याशी उगवते, घाटात उगवते अन् वर पाटावरही उगवते. पण दाणा सारखा नाही. मॅडमनं पाह्यलं होतं की पाटावरचा दाणा बारीक अन् खालचा भरलेला. प्रश्न असा, की हे बारीकपण दाण्याच्या रक्तात आहे का थंडीनं केलं? वरचं गवत खाली गरमीत आणून लावलं तं त्याचा दाणा बारीकच राहीन का भरीन?

"म्हणून भिलाई," मॅडम म्हणायच्या. "याच्यापेक्षा गरम कुठं नेऊ?"

दाणे जमवायची त्यांची तऱ्हा पाह्यली पाहिजे. कांबळं अंगाभोवती गुंडाळायचं अन् गवतातून चालत जायचं. कुसळं आपोआप कांबळ्यात घुसतात. पायथ्याले एक कांबळं, घाटात दुसरं, वर तिसरं. मग ती कांबळी घडी करून बस, ट्रेन, ऑटो करत घरी. एकदा बसमधे शेजारच्या बाईले थंडी वाजत होती. मॅडमचं कांबळं मांडीवर पाहून तिनं आपलं समजून ओढून घेतलं. पाच मिनिटांत ती बाई उभी राहून नाचून राहिली होती. कंडक्टर म्हणे, "क्या है इसमें, खटमल?" मॅडम म्हणे, "नहीं भैया, रिसर्च." ती बाई उतरेपर्यंत मॅडम तिच्या लुगड्यातून दाणे वेचत होत्या, अन् तिले दर दाण्यामागं "सॉरी दीदी" म्हणत होत्या.

दाणा मोजायचा काटा त्यांनी पावर हाउसच्या सोनाराकडून घेतला. मी मोटरसायकलवर घेऊन गेलो होतो. सोनार लाडात, "मॅडम, क्या तौलेंगे? अंगूठी? नथ?" मॅडमनं खिशातून पुडी काढून काचेवर उलटी केली. "घास का दाना." सोनारानं आधी मॅडमकडं पाह्यलं, मग माह्याकडं, अन् मले डोळ्यानं विचारलं की घरचे लोक कुठं आहेत.

बाबा रिटायर झाल्यापासून बोलायचे कमी. प्लांटचा भोंगा ऐकला की घड्याळ पाहायचं, एवढंच काम. एक दिवस मॅडमनं त्यांच्या तळहातावर ओला रुमाल ठेवला अन् त्याच्यावर कुसळीचा एक दाणा. पाणी लागलं तसं कुसळ हळूहळू पीळ सोडून फिरायले लागलं, अन् दाण्याचं टोक रुमालात खुपसायले लागलं. बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "हे तं ड्रिल मशीन आहे! जमिनीत असंच घुसते?" "असंच, काका." "करंट कायचा?" "दव." बाबांनी त्या दिवशी दुपारभर रुमाल ओला केला अन् वाळवला, ओला केला अन् वाळवला. गेटपाशी जो येईन त्याले बोलावून दाखवलं.

मी एकदा हुशारी मारली. म्हणालो, "मॅडम, म्हणजे हे आमच्यासारखंच ना? आजोबा भंडाऱ्याचे शेतकरी, बाबा प्लांटमधे, अन् मी घरी मराठी, बाहेर हिंदी. किती रक्तातलं अन् किती भिलाईचं?"

मॅडमनं चष्मा खाली घेतला. "गोलू, माणसाचं सांगाले पुष्कळ लोक आहेत. गवताले गवत राहू दे."

काम मोठं किचकट होतं. एक साल पेरून भागत नाही. आईले त्यांनी स्वयंपाकघरात बसून समजावलं होतं, मी ऐकलं. "काकू, दाणा निघताना आईनं बांधून देलेला डबा घेऊन निघते. पहिल्या साली गवत तोच डबा खाते. पाटावरच्या आईनं काय बांधलं त्याच्यावर ते वाढते. त्याले इथं दाणे आले की ते पुन्हा पेरायचे. त्या दुसऱ्या साली जे येईन ते खरं त्याचं."

"म्हणजे नातू पाह्यल्यावर घराणं कळते," आई म्हणाली.

"तसंच."

तं पहिल्या साली पेरणी झाली, दाणे आले. दुसऱ्या साली पुन्हा पेरणी. छतावर तीन रांगा. एक पायथ्याची, एक घाटाची, एक पाटाची. कुंड्यांना पट्ट्या लावलेल्या. त्या सालच्या दाण्यावर मॅडमची पीएचडी होती. युनिव्हर्सिटीची मुदत संपत आली होती. अन् पीएचडी झाली तं पक्क्या नोकरीत नंबर लागणार होता, नाही तं अतिथीच्या अतिथी. हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. आई तं छतावर वाळवणही त्या कुंड्यांपासून लांब टाकायची.

दसऱ्याले मॅडम नागपूरले जायच्या, दीक्षाभूमीवर. वडील होते तेव्हा त्यांच्यासोबत, नंतर एकट्या. तिथून दोन-तीन दिवस गोंदियाले आईजवळ. निघताना आईले किल्ली देली. "काकू, पाणी टाकजा फक्त. दाणा पिकाले अजून पंधरवडा तरी आहे. मी त्याच्या आधी येते."

पंधरवड्याचा हिशोब त्यांनी मैनपाटवर पाहून केला होता. पण ऊन कोहक्याचं होतं.

मॅडम गेल्या अन् गवत धडाधड पिकलं. पिवळं पडलं, मग तांबूस. वारा सुटला की दाणे सुटून उडायले लागले. आईनं फोन लावला, नागपूरच्या त्या गर्दीत फोन कुठचा लागते. आई शेतकऱ्याची पोरगी. भंडाऱ्याकडं धानात वाढली. उभं पीक वाऱ्यानं झडून राहिलं अन् आपण पाण्याचा मग घेऊन पाहत उभं राहाचं, हे तिच्या हातून होणंच नव्हतं. मी जवळच्या कुम्हारीले कंपनीत कामावर होतो, बाबा डोळ्याच्या डॉक्टरकडं. आईनं विळा काढला.

अन् आईनं जे केलं ते तिनं जितकं चांगलं करता येईन तितकं चांगलं केलं. एकेक कुंडी कापली. धसकट सारखं ठेवलं. छत झाडून, पुसून, सगळं गवत मधोमध आणलं. बारदान्यात घालून चोळलं, सगळी कुसळं मोडून काढली, म्हणजे कोणाले टोचाले नको. सुपानं पाखडलं. हलका दाणा उडवून देला, भरला दाणा ठेवला. मग त्या सगळ्याची एक रास केली, राशीले हळद-कुंकू वाहिलं, अन् हात जोडले.

मी संध्याकाळी वर गेलो. तीन रांगांचं एक झालं होतं. बारीक दाणा तं आईनं फुंकरच मारून देला होता. मी काही बोलाच्या आत फाटक वाजलं. मॅडम एक दिवस आधीच आल्या होत्या, हातात पुस्तकांचा गठ्ठा.

आई त्यांना हात धरून वर घेऊन आली. "उडून चाललं होतं व बाई सगळं. मी म्हटलं, पोरगी दोन साल राबली. पाह्य, एक कुंडी नाही सोडली."

मॅडम राशीजवळ खाली बसल्या. पुस्तकांचा गठ्ठा तसाच काखेत. राशीत हात घातला, मूठ भरून वर काढली, बोटांतून सोडली. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. नकला करणाऱ्याले चेहऱ्यावरून कळते माणूस आता काय बोलणार. मले काही कळलं नाही.

"किती स्वच्छ केलं, काकू," त्या म्हणाल्या. "एक खडा नाही याच्यात."

मी म्हटलं, "पण मॅडम, हे तं..."

"गोलू, पुस्तकं खाली नेऊन ठेव." एवढ्या मऊ आवाजात त्यांनी मले कधी गप्प केलं नव्हतं.

त्या खाली आमच्याकडंच जेवल्या. आईनं दसऱ्याचं राखून ठेवलेलं पुरण वाढलं. दोनदा मागून घेतलं.

आईले कळलं दोन-तीन दिवसांनी. मॅडम छतावर त्या राशीतून चिमूट-चिमूट दाणे काट्यावर टाकून पाहत होत्या, हात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर. पलीकडं गाईड सर. आवाज असा की टाकी भरत आल्यावर पाइप बोलतो तसा, घुळघुळ घुळघुळ. आई दुसऱ्या कोपऱ्यात मिरच्या पसरवून राहिली होती, मी कूलरचं पाणी काढून राहिलो होतो.

"अरे तो छलनी लगा लो ना मैडम," सर म्हणत होते. "मोटा दाना नीचे का, बारीक ऊपर का. तीन ढेरी बना लो. कौन देखने आ रहा है?"

"सर, ऊपर का बारीक रहता है कि नहीं, यही तो हम पूछ रहे हैं," मॅडम म्हणाल्या. "छलनी लगा दी तो जवाब मैंने दे दिया. घास ने कहाँ दिया?"

"पहली पीढ़ी पे थीसिस नहीं होगी, पता है ना? एक साल बढ़वा दूँगा, उसके आगे मेरे हाथ में नहीं."

"जी सर."

"मकान मालकिन भी न! सब एक में मिला दिया! पढ़ी-लिखी नहीं है क्या?"

"सर," मॅडम म्हणाल्या, "उनके हाथ का काम आप देखते तो ऐसा नहीं बोलते." अन् फोन ठेवला.

मिरच्या पसरवणारा हात थांबला होता. आई हळूच उठली, जिना उतरून गेली. त्या दिवशी आमच्या घरी गॅस पेटला नाही. बाबांनी ब्रेड आणला. संध्याकाळी आई वर गेली, मी मागं मागं. मॅडमच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "मी तुही रास मोडली व बाई."

आमच्याकडं याच्यापेक्षा मोठं पाप नसते. कोणाचं पीक मोडणं म्हणजे.

मॅडम दारात आल्या. "काकू, तुमी नसतं कापलं तं वाऱ्यानं नेलं असतं. चूक माही आहे. मी मैनपाटचं कॅलेंडर घेऊन कोहक्यात बसली होती. गवतानं इथलं ऊन पाह्यलं, मी नाही पाह्यलं."

"मंग तो मास्तर म्हणते तसं चाळणी कावून नाही लावत? तुही नोकरी जाईन ना."

"चाळणी लावली तं नोकरी लागीन काकू, पण मले कधीच कळणार नाही का खरं काय आहे. कळलं पाहिजे ना मले."

आईनं पदर कमरेले खोचला. मग म्हणाली, "आता कधी जातेस पाटावर?"

"डिसेंबरात."

"मी येतो. कापाले माहे हात, भराले भी माहेच."

अन् खरंच गेली! आई, जी रायपूरले जाताना बसमधे उलट्या करते. बाबांचं प्लांटचं जुनं जाकीट घातलं, कानाले मफलर, अन् हातात तिनंच शिवलेल्या तीन कापडी पिशव्या, तीन जुन्या साड्यांच्या. मीही गेलो सोबत, सामान उचलाले. पायथ्याले भरलं, घाटात भरलं. वर पाटावर पोचलो तं समोर नुसतं गवत. वाऱ्यानं सगळं एका बाजूले झोपते अन् पुन्हा उठते. आई कमरेवर हात ठेवून पाहत राहिली.

"एवढं सारं! अन् कोणीच कापत नाही?"

मॅडम हासल्या. दसऱ्यानंतर मी त्यांना हासताना पाह्यलं ते तिथं. हासता हासता खाली बसल्या, डोळे पुसले, अन् पुन्हा हासल्या. "नाही काकू. याची रास कोणी करत नाही."

"अन्याय आहे बाप्पा," आई म्हणाली, अन् कांबळं गुंडाळून गवतात शिरली. वरचा दाणा भरताना तिनं हात आधी झटकले, पदर झटकला, माह्या पँटीले चिकटलेलं घाटातलं कुसळ काढून फेकलं. "मिक्स नको करू बे!" माह्यावर ओरडली.

घरी आल्यावर हे वेड वाढलं. आमच्या फळीवर तूर अन् चना शेजारी बसेनासे झाले. बाबांनी एकदा उरलेल्या दोन भाज्या एका वाटीत घेतल्या तं आईनं वाटीच ओढून घेतली. छतावर ती पहाऱ्यावर असायची. चिमण्या हाकलायची, कूलरवाल्याले वर येताना पँट झटकाले लावायची. "अंदर घास का काम चालू है," असं हिंदीत सांगायची, जसं काही ऑपरेशन चालू आहे. अन् दाण्याले जरा रंग चढला की दर सकाळी आईचा आवाज, मॅडमले आता नावानं, "शीला, पाहून तं घे व!"

पुन्हा पहिलं साल. पुन्हा दुसरं. गाईड सरांनी वाढवून आणलेलं साल मधेच संपलं, मग कुठून तरी अजून थोडी मुदत निघाली, तीही संपत आली. त्या जुन्या मिसळलेल्या राशीचे आकडे घेऊन काही तरी जमा करा, असं सर म्हणत होते. चाळणीवाली गोष्ट अजूनही त्यांच्या मनातून गेली नव्हती. मॅडम "जी सर" म्हणायच्या अन् कुंड्यांना पाणी टाकायच्या.

मॅडमची पीएचडी झाली नाही, हे मी आत्ताच सांगून टाकतो, तुमी वाट पाहू नका. कॉलेजनं पुढच्या साली दुसऱ्या कोणाले बोलावलं. मॅडम सरगुज्यात एका शाळेत लागल्या, मैनपाटच्या पायथ्याशी. गवतानं काय उत्तर देलं, तेही मले आईनं फोनवर सांगतलं, कारण तोपर्यंत कंपनीनं मले कुम्हारीहून ट्रेनिंगसाठी बाहेर पाठवलं होतं. पाटावरचा दाणा भिलाईच्या गरमीत भरला. पायथ्याच्या दाण्याएवढा नाही, पण पुष्कळ भरला. मात्र एक खोड सोडली नाही. खालचे दाणे पेरले की सगळे एकदम उगवतात. पाटावरचे थोडे आज, थोडे आठ दिवसांनी, थोडे अजून मागं. वर पाल्याचा भरवसा नसते, म्हणून सगळे एकाच दिवशी डोकं काढत नाहीत. दोन पिढ्या कोहक्यात काढल्या तरी ते वाटच पाहत होते, पाला येईन म्हणून. "आता पक्कं कळलं," आई फोनवर म्हणे, तिनंच मोजल्यासारखी. "चाळणी लावली असती तं हे दिसलं असतं का?"

मी मॅडमले शेवटचं पाह्यलं ते याच्या थोडं आधी. दुसऱ्या दिवशी माही गाडी होती. दिवाळी होऊन गेली होती, दुपार कलून राहिली होती. थीसिस जमा करायची तीच शेवटची तारीख होती, रायपूरले युनिव्हर्सिटीचं ऑफिस पाचपर्यंत उघडं. मले वाटलं वरची रूम बंद असन, मॅडम तिकडं गेल्या असतीन. तरी मी निरोप घ्याले वर गेलो तं आई अन् मॅडम दोघी छतावर.

पाटाची रांग त्याच दिवशी पिकली होती. वारा सुटला होता. आईनं पलंगावरची मोठी चादर दोन्ही हातांनी ताणून धरली होती, वाऱ्याकडं पाठ करून, अन् त्या आडोशाले मॅडम उकिडव्या बसून कुंडीतलं गवत काढून राहिल्या होत्या. एक काडी, एक पुडी. दुसरी काडी, दुसरी पुडी. चादर शिडासारखी फुगायची, आई मागं रेलायची, पाय रोवायची, पुन्हा ताठ.

छताच्या कठड्यावर फोन वाजायले लागला. गाईड सरांचं नाव. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. आईनं चादरीच्या वरून मान काढून पाह्यलं.

"शीला, तुहा मास्तर. उचलू का? पाच वाजाले आले व."

मॅडमच्या बोटांत एक कुसळ होतं, अर्धं सुटलेलं. त्यांनी वर पाह्यलं नाही.

"वाजू द्या, काकू," त्या म्हणाल्या. "चादर तेवढी सोडू नका."